गाओखाओचं इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना खुलं पत्र: आठवड्यातला एक तास मुलांना नुसतं वाचू द्या

चीनच्या झेजियांग प्रांतात गाओअर आणि गाओसानच्या वर्गांना इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्या सरांना आणि मॅडमना नमस्कार,

मी शाओशिंगच्या केछ्याओ भागात राहते. मूळची इचलकरंजीची, तिकडे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायचे, नवऱ्याच्या कापडाच्या धंद्यापायी आम्ही इकडे आलो. आता आमच्या बिल्डिंगमधली गाओअर-गाओसानची, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने अकरावी-बारावीची मुलं सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी इंग्रजीचे पेपर घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसतात. क्लास नाही, फी नाही, शेजारी म्हणून. तुमच्या हातून तपासून आलेले पेपर मी बघते, त्यावरच्या तुमच्या लाल खुणा बघते आणि त्यातूनच हे पत्र लिहावंसं वाटलं.

मराठीत लिहितेय कारण चिनी मला बोलता येतं पण असं लांबलचक लिहिता येत नाही, आणि मनापासून काही सांगायचं असेल तर ते मला मराठीतच नीट सांगता येतं. एका मुलीचे वडील ते चिनीत करून देणार आहेत. शिवाय महाराष्ट्रातल्या इंग्रजीच्या शिक्षकांनीही हे वाचावं असं वाटतं, दुखणं थोडंफार तेच आहे.

इकडचं माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगते. गाओखाओ म्हणजे इथली युनिव्हर्सिटी प्रवेशाची परीक्षा, ७ आणि ८ जूनला असते, काही प्रांतांत पुढेही एक-दोन दिवस चालते, २०२४ ला देशभरात १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी नाव नोंदवलं होतं. इंग्रजीचा पेपर ८ तारखेला दुपारी ३ ते ५, १५० मार्कांचा. ऐकण्याचे ३०, लिहिण्याचे ४०, आणि वाचनाचे सरळ ५०. त्यात ए, बी, सी, डी असे चार उतारे, १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क, आणि मग छीश्वेनवू, म्हणजे उताऱ्यातून पाच वाक्यं काढून टाकलेली असतात आणि खाली दिलेल्या सातातली पाच निवडून जागच्या जागी बसवायची, त्यालाही प्रत्येकी अडीच. रिकाम्या जागांचे दोन उतारे असतात त्याचे अजून ३०. झेजियांगमध्ये तर इंग्रजी दोनदा देता येते, जानेवारीत आणि जूनमध्ये, ज्यात जास्त मार्क ते धरतात. ऐकायला चांगलं वाटतं पण प्रत्यक्षात गाओसान सुरू झालं की चारेक महिन्यांत पहिली परीक्षा अंगावर येते, त्यामुळे गाओअरपासूनच धावपळ.

आणि धावपळ म्हणजे श्वाथी. प्रश्नांमागून प्रश्न सोडवत सुटायचं. सकाळी झाओदूच्या तासाला मोठ्याने शब्द पाठ, दिवसभर तास, रात्री शाळेतच अभ्यासाला बसायचं आणि त्यात रोज एक-दोन उतारे, दर महिन्याला परीक्षा, मग वर्गाची सरासरी, शेजारच्या वर्गाची सरासरी, आणि त्या सरासरीवर तुम्हाला जोखणारे वरचे लोक. पन्नासेक मुलांचा वर्ग, प्रत्येकाचा पेपर तपासायचा, हे मी स्वतः केलेलं आहे, त्यामुळे तुम्ही आळस करता असं मी कधीच म्हणणार नाही. तुम्ही फार राबता. मला फक्त एवढंच म्हणायचंय की एवढं राबून मुलं जे करतायत ते वाचन नाहीये.

पोरं माझ्यासमोर उतारा सोडवतात ती पद्धत सांगते. आधी प्रश्न वाचायचे. प्रश्नातला एखादा शब्द, आकडा किंवा नाव डोक्यात धरायचं आणि उताऱ्यात तो शोधत पळायचं. सापडलं की त्याच्या मागचं-पुढचं एक वाक्य बघायचं, पर्यायांशी जुळवायचं. पर्यायात 'ओन्ली', 'नेव्हर', 'ऑल' असलं काही टोकाचं दिसलं की तो पर्याय खोडायचा. मुख्य कल्पना विचारली असेल तर पहिलं वाक्य आणि शेवटचा परिच्छेद. 'हाउएव्हर' दिसलं की त्याच्यापुढे रेघ. हे सगळं तुम्हीच शिकवलेलं आहे आणि ए-च्या उताऱ्याला ते चालतंही, कारण तिथे बहुतेक वेळा जाहिरात, वेळापत्रक, भाडं असलंच काही असतं. २०२३ च्या पेपरात ए म्हणजे ॲमस्टरडॅममध्ये भाड्याने मिळणाऱ्या सायकलींचं दरपत्रक होतं, तिथे शोधायचंच असतं.

पण हीच सवय डीपर्यंत जाते. गाओसानची एक मुलगी आहे, हुशार आहे, तिचे डीचे चारही प्रश्न बरोबर आले. मी सहज विचारलं, उतारा कशाबद्दल होता गं? ती खरंच गोंधळली आणि म्हणाली, "आयी (म्हणजे मावशी), हे त्यांनी कुठे विचारलंय?" मला काय बोलावं कळेना. तिची काही चूक नव्हती. चारपैकी चार आले होते, वही पूर्ण होती, तिच्या दृष्टीने काम संपलेलं होतं.

आता तुमच्याच पेपरातले दोन उतारे घेऊन बोलते, कारण ते मला वाचताना फार आवडले आणि ते तुमच्या सगळ्यांच्या कपाटात असणारच.

पहिला, २०२४ चा सी. विषय हाच, की कागदावर वाचलेलं आणि स्क्रीनवर वाचलेलं सारखंच समजतं का. त्यात म्हटलंय की मजकूर मोठा असेल तर कागदावरचं जास्त चांगलं समजतं, आणि हा फरक नुसती मुख्य कल्पना ओळखायची असते तेव्हा नाही, तर थोडं खोलात जायचं असतं, न सांगितलेलं ओळखायचं असतं, तेव्हा जास्त दिसतो. कारण म्हणून एक अंदाज दिलाय: स्क्रीनवर माणूस सोशल मीडिया बघायच्या मनस्थितीत वाचतो, तेवढं डोकं लावत नाही. आता बघा, म्हणजे समजणं हे वाचणारा कुठल्या मनाने वाचायला बसलाय त्यावर ठरतं असं तो उतारा सांगतोय. आमच्या मुलांच्या हातात कागदच असतो, शाळेत फोन नेता येत नाही, २०२१ पासून तर शिक्षण मंत्रालयाचाच तसा नियम आहे. पण प्रश्न डोक्यात धरून उताऱ्यावरून डोळे फिरवायचे हे कागदावर केलं तरी तीच वरवरची मनस्थिती नाही का? मुलं हा उतारा सराव म्हणून सोडवतात, चार गोल काळे करतात आणि पुढच्या पानावर जातात, त्याने काय सांगितलं ते तिथेच राहतं.

दुसरा, २०२३ चा डी. सुरुवात १९०७ सालच्या फ्रान्सिस गाल्टनच्या लेखाने, खूप लोकांनी आपापले स्वतंत्र अंदाज दिले तर त्यांची सरासरी खऱ्याच्या बरीच जवळ जाते, इथून. मग नवीन प्रयोग येतो: त्याच गर्दीचे छोटे गट केले, त्यांना आपसात बोलू दिलं, तर गटांची सरासरी अजून अचूक आली. पाच-पाच जणांच्या चार गटांची सरासरी ही सुट्या २० माणसांच्या सरासरीपेक्षा बरीच चांगली. आणि गटात काय झालं हे विचारलं तर सगळ्यात जास्त वेळा उत्तर हेच आलं की आम्ही कारणं मांडली आणि मिळून विचार केला. हा उतारा ज्या मुलांनी सोडवला ती मुलं वर्गात पन्नास जणं पन्नास बाकांवर गप्प बसून सोडवतात, मग तुम्ही उत्तरं वाचून दाखवता, बी, डी, ए, सी, आणि चुकलेल्याने लाल पेनाने दुरुस्त करायचं. पाच-पाच जणांचे गट करून "तू बी का म्हणालास, कुठल्या ओळीवरून" एवढं दहा मिनिटं बोलू दिलं तर काय बिघडेल? उतारा निवडणाऱ्यांनी तुमच्या हातात पद्धतच दिलीये की.

हे बोलणं का महत्त्वाचं ते चुकीच्या पर्यायांकडे बघितलं की कळतं. तुम्ही मुलांना सापळ्यांची नावं शिकवता, ती मला खूप आवडली: जे नाहीच ते आहे म्हणून सांगणं, थोड्यावरून सगळ्याबद्दल बोलणं, गुपचूप कल्पनाच बदलून टाकणं, आणि झांगची टोपी लीच्या डोक्यावर घालणं (आमच्याकडे ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर म्हणतात तेच). नावं उत्तम आहेत. पण मुलं ती नावं पर्यायावर लेबल म्हणून चिकटवतात, उत्तर कळल्यानंतर. सापळा आधी दिसायला हवा असेल तर टोपी नक्की कोणाची होती हे उताऱ्यातून आधी माहीत पाहिजे, आणि ते शोधत पळणाऱ्याला माहीत नसतं.

लांब वाक्यांचंही सांगते, ह्यात मला जरा जास्त बोलायचंय. छांगनानज्यू, लांब आणि अवघड वाक्यं, ह्यांचे तुम्ही वेगळे तास घेता, कर्ता-क्रियापद-कर्म अधोरेखित, बाकीच्याला कंस. चिनी मुलांना हे अवघड जातं आणि मला ते आतून समजतं, कारण मराठीतही तसंच आहे. 'काल मार्केटमधून आणलेलं निळं कापड' म्हणताना आपण सगळं वर्णन आधी सांगतो आणि कापड शेवटी येतं, चिनीतही अगदी हाच क्रम. इंग्रजीत कापड पहिल्यांदा येतं आणि मग त्याच्या मागे शेपूट, कुठलं, कोणी आणलेलं, कधी, आणि त्या शेपटाला अजून एक शेपूट, तोपर्यंत मूळ क्रियापद दोन ओळी खाली गेलेलं असतं आणि मूल मधल्याच क्रियापदाला धरून बसतं. इचलकरंजीतल्या माझ्या मुलांचंही नेमकं इथेच अडायचं. पण सुटी वाक्यं फळ्यावर लिहून चिरफाड केल्याने ते फारसं सुटत नाही, कारण सुट्या वाक्यात मुलाला पुढे काय येईल ह्याची काही कल्पनाच नसते. तेच वाक्य उताऱ्यात, आधीचे दोन परिच्छेद समजून घेऊन आलं की निम्मं ओझं कमी होतं, कारण कोणाबद्दल बोलणं चाललंय ते माहीत असतं. मी मुलांना एवढंच सांगते, वाक्य संपल्यावर कागद उलटा कर आणि शेजाऱ्याला चिनीत सांग काय म्हटलं ते. शब्दाला शब्द नको, सांग फक्त. जमलं नाही तर परत वाच. ह्याला वेळ लागतो, खूप लागतो, एका संध्याकाळी एकच उतारा होतो कधीकधी, आणि मुलांना सुरुवातीला वाटतं की आपण मागे पडतोय.

शब्दांचं तर तुम्हाला माहीतच आहे. अभ्यासक्रमात साधारण ३००० शब्द, आणि मुलं यादी एबीसीच्या क्रमाने पाठ करतात, त्यामुळे 'अबॅन्डन' प्रत्येकाला येतो. पण 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता हे येणाऱ्या मुलाला एखादी अडचण 'ॲड्रेस' करणे हे दिसलं की तो तिथे पत्ता शोधतो, 'नॉव्हेल' म्हणजे कादंबरी इतकं पक्कं असतं की 'नॉव्हेल आयडिया' वाचून कादंबरीची कल्पना असं लिहितो. हे यादीत दुसरा अर्थ जोडून सुटतं थोडंसं, पण खरं सुटतं ते शब्द वेगवेगळ्या ठिकाणी भेटत राहिल्याने. आणि भेटायला मजकूर पाहिजे, भरपूर पाहिजे.

तुमच्याच २०१७ च्या अभ्यासक्रमात, जो २०२० ला सुधारला, लिहिलंय की वर्गाबाहेरचं वाचन आवश्यक विषयाच्या टप्प्यात आठवड्याला किमान १५०० शब्द आणि त्यापुढच्या टप्प्यात किमान २५०० शब्द असावं. शाळेत विचारलं तर उत्तर येतं, होतंय की, आठवड्याला आठ-दहा उतारे होतात, तीनशे शब्दांचा एक, हिशोब करा. हिशोब बरोबर आहे. पण ते लिहिणाऱ्यांच्या मनात वर्कशीट असेल असं मला वाटत नाही. आमच्या केछ्याओच्या कापड मार्केटमध्ये दुकानादुकानात कार्डांवर चिकटवलेली कापडाची छोटी सॅम्पलं टांगलेली असतात, त्यावरून पोत कळतो, रंग कळतो, ऑर्डर देता येते, पण तसली हजार सॅम्पलं घरी नेली तरी एक सदरा होत नाही. मुलं तीन वर्षं सॅम्पलं हाताळतायत. इंग्रजीतली एक अख्खी गोष्ट, एक पूर्ण लेख, वीस पानांचं छोटं पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलेलं मूल माझ्या टेबलाशी क्वचित येतं.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. मार्क कमी आले तर पालक कोणाला धरणार? रास्त आहे. पण मग पेपरच बघू ना. लिहिण्याच्या ४० पैकी २५ मार्क कशाला आहेत? साधारण साडेतीनशे शब्दांची अर्धवट गोष्ट वाचायची आणि दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं दिलेली असतात तिथून दीडशेक शब्दांत ती पुढे न्यायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये हा प्रश्न सगळ्यात आधी झेजियांगनेच आणला, देशात बाकीच्यांकडे नंतर गेला. ज्या मुलाने इंग्रजीत गोष्ट कधी पूर्ण वाचली नाही त्याने ती पूर्ण कशी करायची? म्हणून मग तो पाठ केलेली वाक्यं घालतो, डोळ्यातून अश्रू घळाघळा वाहिले, सूर्यप्रकाश खिडकीतून आत आला, मग गोष्ट कुठलीही असो. तुम्ही हे शेकड्याने तपासलेत, तुम्हाला कंटाळा आला असेलच. छीश्वेनवूचंही तेच, वाक्य कुठे बसतं हे परिच्छेदाचा ओघ ज्याला जाणवतो त्यालाच कळतं, बाकीचे 'धिस' आणि 'दे' शोधत बसतात. आणि परीक्षेचे लोक, मंत्रालयाचे लोक स्वतःच सांगतायत की पाठांतर आणि यांत्रिक श्वाथी कमी व्हायला हवी. वरून येणारं वारं तुमच्या बाजूने आहे, ह्याचा फायदा घ्या.

एका जुन्या गोष्टीची आठवण करून देते, इंग्रजीची नाही, तुमच्या चिनी भाषेच्या पेपरची, २०१७, झेजियांगच. एका कथेचा उतारा होता, शेवटी पातेल्यातल्या माशाच्या डोळ्यात एक विचित्र चमक राहते, आणि प्रश्न त्या शेवटाबद्दल. पेपर सुटल्यावर मुलं लेखकाच्या सोशल मीडियावर तुटून पडली, अर्थ काय ते सांगा, आणि लेखक म्हणाला मलाही माहीत नाही. तेव्हा सगळे हसले, मला मात्र त्यात एक चांगली गोष्ट दिसते. मुलांना तो मासा परीक्षा संपल्यावरही डोक्यातून जात नव्हता! रागाने का होईना, ती लेखकाशी बोलायला गेली. इंग्रजीच्या उताऱ्याने कुठल्या मुलाला असं अस्वस्थ केलेलं मी पाहिलेलं नाही.

तर मागणं काय आहे? फार मोठं नाही. रात्रीच्या अभ्यासाच्या तासांपैकी आठवड्यातला एक इंग्रजी वाचनाला द्या, आणि त्या तासाला प्रश्न नकोत, वर्कशीट नको, शब्दांची वही नको, सारांश लिहून दाखवणं तर अजिबात नको. वर्गातल्या पुस्तकांच्या कोपऱ्यात सोप्या इंग्रजीतली छोटी पुस्तकं ठेवा, मुलाच्या पातळीपेक्षा थोडी खालची, वरची नको, पानात दोन-तीनच शब्द अडतील अशी. आवडलं नाही तर पुस्तक अर्ध्यात सोडायची परवानगी द्या. आणि तुम्हीही त्या तासाला तपासायचे पेपर बाजूला ठेवून तिथेच बसून काहीतरी वाचा, मुलं तुमच्याकडे बघत असतात.

सरावाचे उतारे बंद करा असं मी म्हणत नाही, करू नकाच, परीक्षा आहे. फक्त आठवड्यातले एक-दोन उतारे वेगळ्या तऱ्हेने घ्या. प्रश्नांचा भाग दुमडून ठेवायचा, आधी पूर्ण उतारा, मग मुलांनीच दोन प्रश्न काढायचे, मग छापलेले प्रश्न उघडायचे. मजा येते, खरंच, मुलांनी काढलेला प्रश्न आणि छापलेला प्रश्न जुळला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आणि चुकलेल्या प्रश्नांची ती जी वही असते, त्स्वोथीबेन, तिच्यात प्रश्न आणि बरोबर पर्याय उतरवून घेण्याऐवजी उताऱ्यातली ती एक ओळ लिहायला लावा जी वाचली असती तर चूक झाली नसती, आणि खाली आपल्याला चुकीचा पर्याय का आवडला होता ते चिनीत. चिनीतच, इंग्रजीत लिहायला लावलंत तर खरं लिहिणार नाहीत.

गाओसानमध्ये हे सुरू करणं कठीण आहे, मला मान्य आहे, जानेवारीच्या आधी कोणी ऐकणारही नाही. गाओअरच्या वसंतातल्या सत्रात करा, मार्च-एप्रिलला, तेव्हा थोडी हवा असते. मुख्याध्यापकांनी विचारलं तर अभ्यासक्रमातलं ते २५०० शब्दांचं वाक्य दाखवा.

महाराष्ट्रातल्या माझ्या सहकाऱ्यांनाही एवढंच. बारावीला इंग्रजीचा ८० मार्कांचा लेखी पेपर, त्यात उतारे असतात, आणि आपणही मुलांना हेच सांगतो की प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोध आणि ते वाक्य उतरव, मार्क मिळतात. मिळतात खरे. मग तीच मुलं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पुस्तक उघडतात आणि पहिल्याच पानावर अडतात, तेव्हा त्यांना वाटतं आपलं डोकंच कमी आहे. इकडची मुलंही युनिव्हर्सिटीत गेल्यावर हेच सांगतात, सुट्टीत घरी आली की भेटतात मला.

तुमच्यापैकी कोणी ह्यातलं काही करून बघितलं तर मुलांनी कुठली पुस्तकं शेवटपर्यंत नेली आणि कुठली अर्ध्यात सोडली एवढं जरूर कळवा, सोडलेल्यांची यादी मला जास्त उपयोगी पडेल, कारण इथल्या मुलांसाठी पुस्तकं गोळा करायला सुरुवात केलीये आणि चुकीची आणून ठेवायची नाहीयेत. चिनीत लिहिलंत तरी चालेल, वाचून दाखवणारे घरात येतातच.

आपली,
केछ्याओमध्ये राहणारी इंग्रजीची एक बाई